पुढच्या खोलीतला समुद्र

पांढरं दिसलं आणि हातातला चहा हिंदकळून बशीत आला. मिलला निघायची घाई, एक पाय बुटात, दुसरा अजून बाहेर, आणि मी नेहमीसारखा टाकीच्या काचेला नाक लावून उभा. निळसर फांदीच्या अगदी टोकाला, तांदळाच्या कणीएवढा, पांढरा ठिपका. काल तो नव्हता. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण जेवढा वेळ मी त्या फांदीकडे पाहतो तेवढा वेळ मी स्वतःच्या बायकोकडे पाहिलेलं नाही, हे तिनंच मला चारचौघांत ऐकवलंय. मंजू पदराला हात पुसत मागून आली, वाकली, आणि म्हणाली, "पांढरं झालं जी. गेलं का हेही?" तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. कुचेष्टा असती तर मी भांडलो असतो, आणि भांडणात थोडा धीर असतो. मी नुसता दुसऱ्या बुटात पाय घालायला लागलो आणि तो डाव्या पायाचा बूट उजव्या पायात जाईना.

कुणी विचारलं की मी या पोवळ्याला सरळ झाड म्हणतो, कारण गोंदियात प्राणी म्हटलं तर लोक शेपूट शोधतात. पण तो प्राणीच आहे. एकच नाही, हजारो. टाचणीच्या डोक्याएवढी तोंडं असलेले, एकमेकांना चिकटून राहणारे आणि पाण्यातला चुना खाऊन स्वतःच्या खाली दगड बांधत जाणारे. हरणाच्या शिंगासारख्या त्या दगडी फांद्यांवर जीव असतो तो फक्त वरच्या पातळ कातडीत, आणि रंग सगळा त्या कातडीचा. निळा, जांभळा, मधूनच पोपटी. जीव गेला की कातडी सुटून वाहून जाते आणि मागे उरतो तो पांढरा सांगाडा. अशा तीन फांद्या माझ्या डोळ्यांदेखत पांढऱ्या झाल्या होत्या. पहिली माझ्या अतिउत्साहानं, दुसरी मे महिन्याच्या उकाड्यात पंखे आणि इन्व्हर्टर दोन्ही थकल्यावर, तिसरी का ते मला अजून कळलेलं नाही. तिसरीनंतर मी मंजूला आपणहून शब्द दिला होता. एकच आणखी आणतो, ही गेली तर टाकी रिकामी करीन, पुढच्या खोलीतली उजेडाची जागा तुझ्या शिलाई मशीनला. ती "बरं" म्हणाली होती. ही ती चौथी फांदी. चेन्नईहून आलेली, तिकडच्या माणसानं कागदपत्रं दाखवून, शेतात वाढवलेली आहे, समुद्रातून ओरबाडलेली नाही, अशी ग्वाही देऊन पाठवलेली. आली तेव्हा चिखलाच्या रंगाची होती. महिने गेले, हळूहळू तिनं निळा धरला, आणि आता हा पांढरा.

मिलमध्ये माझं काम पांढऱ्याचंच आहे, हा माझ्या आयुष्यातला विनोद. मी सॉर्टेक्स मशीनवर असतो. वरून तांदूळ पडत असतो, आत कॅमेरे बघत असतात, आणि लाल, काळा, पिवळा असा जरा म्हणून रंग असलेला दाणा दिसला की हवेची फुंकर त्याला बाजूला उडवते. खाली येतो तो शुभ्र, एकसारखा, ज्याला शेठ हातावर घेऊन "वा" म्हणतात. सतरा वर्षांत मी किती रंग उडवून लावले असतील. दिवाळी संपलेली, नवा धान आलेला, सगळ्या मिली दणदणत असलेल्या, आणि मी त्या पांढऱ्या धारेकडे बघत उभा, डोक्यात तो एक ठिपका. कोंड्याची धूळ पापण्यांवर बसते, ती पुसली की डोळ्यांसमोर पुन्हा तो. मला आठवत होता तो दातांच्या डॉक्टरकडचा टीव्ही. आवाज बंद होता. माझी दाढ ठणकत होती, आणि पडद्यावर समुद्राचा तळ उघडत चालला होता, फांद्याच फांद्या, असे रंग की मी गालावरचा हात काढला. माझा नंबर आला तेव्हा नर्सला दोनदा हाक मारावी लागली. दाढ काढली हे नंतर आठवतं, दुखल्याचं आठवत नाही. समुद्र मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, नहर, बांधीतलं, म्हणजे धानाच्या शेतातलं पाणी, ज्यात आभाळ दिसतं आणि खाली चिखल. त्याच्या तळाशी असं काही असू शकतं हे मला चाळिशीत कळलं, आणि आपल्याला कुणीतरी इतकी वर्षं फसवलं असं वाटून रागही आला.

जेवणाच्या सुट्टीत गुलशनला फोन लावला. बाजारात त्याचं मासळीघराचं दुकान आहे, गोल्डफिश विकतो, आणि खाऱ्या पाण्याचं वेड मला त्यानंच लावलं. स्वतःकडे मात्र त्यानं ते ठेवलं नाही, हुशार माणूस. मी धापा टाकत सांगितलं. तो म्हणाला, "पहले ये बताओ भैया, सफेद कहाँ है? टोक पे, या जड़ में?" मी म्हणालो, टोकावर, अगदी टोकावर. तो हसायला लागला. "फिर रो क्यों रहे हो? मिठाई खिलाओ. बढ़ रहा है वो." नवा दगड आधी येतो, पांढरा, रंग मागून चढतो. बुडातून पांढरं चढलं तर मरण, टोकाला पांढरं आलं तर वाढ. एवढं साधं, आणि मला ठाऊक नव्हतं, कारण माझ्याकडची एकही फांदी वाढण्याइतकी जगलीच नव्हती.

त्यानंतरच्या दुपारी मी काय केलं ते मिलमधल्या लोकांना विचारा. मी हमालांना चहा पाजला. मशीनच्या दणदणाटात मोठमोठ्यानं गाणं म्हटलं, जे कुणालाच ऐकू येत नसल्यानं कुणाचंच नुकसान झालं नाही. वाढतंय! समुद्रापासून इतक्या दूर, राइस मिलच्या कोंड्यात आणि बिडीच्या वासात, माझ्या पुढच्या खोलीत समुद्राचा एक तुकडा स्वतःहून दगड बांधतोय. मला हे कुणाला तरी सांगायचं होतं, आणि नुसतं सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं, आणि ज्याला दाखवायचं त्याचे डोळे मोठे झालेले बघायचे होते. शेठना दाखवून उपयोग नाही, ते किंमत विचारतात. मंजूनं "चला, बरं झालं" म्हटलं आणि खरंच तिचा जीव भांड्यात पडला होता, पण तिची मशीनची जागाही जात होती, तेव्हा तिच्याकडून नाचण्याची अपेक्षा करणं जरा जास्त झालं असतं. मग आत्या आठवली. सुट्टीच्या दिवशी मी तडक मोटरसायकल काढून दवनीवाड्याला गेलो.

सुशिला आत्या माझ्या बापाची मोठी बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली, पोरबाळ नाही, आणि माझी आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. उभं आयुष्य लोकांच्या बांध्यांत रोवणं करण्यात गेलं. पावसात कमरेत वाकून धानाचे परहे, म्हणजे रोपं, चिखलात लावायचे, ओळीनं, दिवसभर. आता पाठ तशीच राहिली आहे, थोडी पुढे. फोनवर माझी तब्येत विचारायच्या आधी ती विचारते, "तुहं झाड कसं आहे रे, इंदर?" इंद्रकुमारचा इंदर तिनंच केला. माझ्या वेडाची टर न उडवणारं जगात तेवढं एकच माणूस. अंगणात ती सूप घेऊन बसली होती. मी गाडी बंदही न करता म्हणालो, "चल आत्या. तुला समुद्र दाखवतो." ती सूप बाजूला ठेवून उठली. कुठला, कसा, काहीही विचारलं नाही. लुगड्याची जोडी पिशवीत टाकली आणि मागच्या सीटवर बसली.

टाकीसमोर ती उभी राहिली. निळा दिवा लागलेला, पाण्याच्या लाटा पंपाच्या जोरावर इकडून तिकडे, दगडावर शंखाच्या गोगलगाई, आणि मधोमध माझी फांदी, टोकाला पांढरी कळी घेऊन. मी वाहत सुटलो होतो. हे बघ, इथे वाढतंय, हे मीठ बादलीत कालवून पाणी करतो, हा चुना. तिनं विचारलं, "हे समुद्राचं पानी होय?" आणि मी, त्या उकळीत, म्हणालो, "समुद्रच समज, आत्या. तेच मीठ, तेच पाणी, तेच जीव. फरक नाही." तिनं पदर डोक्यावर घेतला. मी पुढे बोलत राहिलो, ही शेवटची आहे, ही गेली तर सगळं बंद, मंजूला शब्द दिलाय. ती माझ्याकडे पाहून मान हलवत होती. तिचे डोळे हवे तेवढे मोठे झाले होते, आणि मी इतका खूश होतो की त्या डोळ्यांत काय आहे ते पाहायचं मला सुचलं नाही.

आत्या राहिली. सकाळी मी मिलला जायचो तेव्हा ती टाकीसमोर पाट टाकून बसलेली, संध्याकाळी यायचो तेव्हाही तिथेच. टोकाची कळी दिवसागणिक लांबत होती, शेजारच्या फाट्यालाही आली, आणि मी घरात तरंगत होतो. मग एका दुपारी जेवायला घरी आलो आणि आधी गोगलगाई दिसल्या. काचेवर चढणाऱ्या गोगलगाई वाळूत उताण्या पडल्या होत्या. फांदीवरची ती टाचणीएवढी तोंडं सगळी मिटलेली. आणि बुडाशी, दगडाला फांदी जिथे चिकटते तिथे, बोटभर पांढरं. टोकाचं पांढरं स्वच्छ असतं, हे तसं नव्हतं. याच्या कडेला कातडीचे धागे सुटून पाण्यात हलत होते. मी फोन उचलला. गुलशन फोनवर या वेळी हसला नाही. "जड़ से? पानी में कुछ गिरा क्या? तांबा, पीतल?" माशांना एखादे वेळी चालेल, तो म्हणाला, पण गोगलगाई आणि पोवळं यांना खाऱ्या पाण्यातलं तांबं म्हणजे विष. मी बाही वर करून हात घातला, दगडामागे चाचपलं, आणि बोटांना गोल, गुळगुळीत लागलं. तांब्याचा पैसा. जुना, जड, कडेनं हिरवट व्हायला लागलेला.

मंजूनं तो पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. "आत्यानं टाकला जी. हात जोडले, मंग टाकला. मले का ठाऊक, असं होते म्हणून? गाडीतून नदी लागली की आपनही टाकतोच." मग स्वयंपाकघराच्या दाराशी, आत्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, तिनं मला सांगितलं. हा पैसा आत्याच्या सासूनं मरताना दिला होता, जगन्नाथपुरीला गेलीस की समुद्रात सोड म्हणून. गावची माणसं पुरीला दोनदा जाऊन आली. एकदा रोवणं आलं, एकदा मला विषमज्वर झाला होता. पैसा लुगड्याच्या घडीत तसाच राहिला. आणि काल आत्यानं मंजूच्या फोनवरून दवनीवाड्यातल्या साऱ्या बायांना कळवलं होतं की माझं देणं फिटलं, इंदरच्या घरी समुद्र आहे. "तिले काई बोलू नका," मंजू म्हणाली.

मला बोलायचं होतं. खोटं कशाला सांगू, अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पैसा खिशात घालून मी मागच्या अंगणाकडे निघालो तेव्हा माझ्या तोंडात वाक्यं तयार होती, आणि त्यातलं एकही परत घेता आलं नसतं. कुणी सांगितलं होतं? कुणाला विचारलंस? वर्ष-वर्ष जीव लावायचा आणि कुणीतरी यावं, हात जोडावेत, आणि विष टाकावं. आत्या उन्हात पाय पसरून तांदळातले खडे काढत होती, मी मिलमधून आणलेल्या तांदळातले, ज्यात खडा सापडणं शक्य नाही. तिनं मान वर केली. "आज झाड कसं आहे रे?" आणि माझ्या तयार वाक्यांपैकी पहिलंच, कुणी सांगितलं होतं, माझ्यावरच उलटलं. मीच सांगितलं होतं. समुद्रच समज म्हणालो होतो. फरक नाही म्हणालो होतो. तिनं फक्त माझ्या शब्दाला समुद्र मानलं. मी म्हणालो, "आहे." आणि परत आत आलो. राग गेला नव्हता. तो तसाच होता, फक्त त्याला आता टेकायला जागा नव्हती.

हातांना मात्र काम होतं. मिलला फोन करून अर्धी रजा टाकली. भरून ठेवलेल्या पिंपातलं पाणी, मिठाची बादली, पाण्यातलं विष शोषणाऱ्या कोळशाच्या पिशव्या. मी आणि मंजू, गुडघ्यापर्यंत भिजलेले, टाकीतलं पाणी काढतोय, नवं ओततोय. पांढरं तरीही चढत होतं. दुपारपासून आणखी एक पेर. गुलशन म्हणाला होता, बुडाचं सोड, ते गेलं. वर जिवंत आहे तेवढं तोड. तोडून दुसरीकडे लाव, लागलं तर लागलं. तोड म्हणे! ज्या फांदीला मी कधी बोट लावलं नाही, जिच्यावर पंपाचा झोत जास्त आला तर मी पंपाला शिव्या दिल्या, तिला पक्कड लावायची. आणि तरीही, पक्कड हातात घेतली तेव्हा छाती भीतीनं धडधडत होती का आणखी कशानं, ते मला कळेना. मागच्या तिन्ही वेळी मी काचेबाहेर उभा राहून बघत होतो. या वेळी हात आत होता.

"काऊन तोडून राहिलास रे?" आत्या दारात उभी होती. "इतका जीव लावलास आन तोडतोस?" मंजूनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्यातून हात न काढता म्हणालो, "रोवणं आहे, आत्या. वाढलं की तोडून लावावं लागतं. परह्यासारखं." हे खोटं नव्हतं. खरंही अर्धंच होतं. तिच्या चेहऱ्यावर जे काही उजळलं ते पाहून मी मान खाली घातली आणि पक्कड दाबली. कट्. पाण्याखालून आलेला तो आवाज मला दातांत जाणवला. टोक माझ्या तळहातावर, बोटभर लांब, निळं, जिवंत. मग दुसरं, मग तिसरं. भीती कुठे गेली कळलं नाही. तोडत गेलो आणि अंगात काहीतरी चढत गेलं, लहानपणी तलावात पहिली उडी मारली होती तसं. परातीत खारं पाणी घेऊन तुकडे त्यात ठेवले. आत्यानं लुगड्याचा पदर खोचला, हात धुतले, माझ्याशेजारी मांडी घातली. "दे इकडं. किती अंतर ठेवू?"

मी दगडाच्या चकतीवर गोंदाचा थेंब देत होतो आणि ती तुकडा बसवत होती. अंगठा आणि दोन बोटं, जराशी दाबून, मग सोडून. माझ्या बोटांना गोंद चिकटत होता आणि मी वैतागत होतो, ती हसत होती. "मुकाट्यानं धर जरा. परहा काय पळून जाऊन राहिला का?" मंजू दिवा धरून उभी होती आणि तीही हसायला लागली. चकत्या एकेक करून टाकीत वरच्या दगडावर मांडल्या, ओळीनं. मागे बुडाचा पांढरा खुंट उभा होता. मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तेव्हा पुढच्या खोलीत जायला पाय तयार नव्हते. मंजू जाऊन आली आणि माझं मनगट धरून मला ओढत घेऊन गेली. दोन तुकड्यांवर कातडी फाटली होती, ते गेले होते. बाकीच्यांवर तोंडं उघडली होती. सगळी. बारीक, केसाळ, पाण्याबरोबर हलणारी, तोडून दुसरीकडे लावल्याचा राग मनात न धरता खायला मागणारी. एक फांदी होती, आता ओळ झाली होती. मी मंजूला उचललं. लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच, आणि तिचा खांदा दाराला लागला, आणि ती ओरडली, आणि मी म्हणालो, मशीन उजेडात येईल, टाकी मी भिंतीकडे सरकवतो, दोन्ही मावतात, मी मोजलंय. मोजलं नव्हतं. पण मावतील.

आत्या आंघोळ करून, पिशवी भरून आली. दवनीवाड्याला जायचं होतं, गावात मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा, पाहुणे येणार होते. ती टाकीशी थांबली, एकेका तुकड्याकडे बघितलं, आणि मग मला काही कळायच्या आत बांगड्या मागे सारून हात पाण्यात घातला. दगडामागे. तिची बोटं वाळूत चाचपत राहिली. माझ्या खिशातला पैसा मांडीला टोचत होता. मंजूनं श्वास रोखलेला मला ऐकू आला. आत्यानं हात बाहेर काढला, रिकामा, आणि थेंब ठिबकत असताना तसाच कपाळाला लावला.

"गेला," ती म्हणाली. "घेतला समुद्रानं."

मी "हो" म्हणालो.

"सासू सांगत होती, ज्याचा घेतला त्याचं एक मागनं ऐकते. इतके वर्स मी काय काय मागायचं ठरवून ठेवलं होतं." ती पदराला हात पुसत हसली. "आन पैसा सोडाच्या टायमाले सारं इसरली. तू म्हनत होतास ना, हे गेलं तर सारं बंद. म्हनून म्हनलं, माह्या इंदरच्या झाडाले जगू दे."